भावाबरोबर माणसाएवढ्या पटावर मोनोपॉली: कोणी खेळलंय का?

लेखाजोखा

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते. घाईत असाल तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा.

माझ्या धाकट्या भावानं मला न विचारता दोन तिकिटं काढली आहेत. नाटकाची असती तर इथे लिहिलं नसतं. मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर मोनोपॉलीचा (जागा विकत घेऊन दुसऱ्यांकडून भाडं वसूल करायचा खेळ) पट आखलेला असतो म्हणे, सोंगट्यांच्या जागी आपणच उभं राहायचं. फासे उशीएवढे. ज्या घरात पडू तिथलं दार उघडून आत जायचं आणि दिलेल्या वेळात एखादं कोडं किंवा कसरत पुरी करायची. जमलं तर ती मालमत्ता आपली. फोनवर तो एवढंच म्हणाला, "ताई, या वेळी बँक तुझ्याकडे नाही," आणि ठेवून दिला.

आता याचा अर्थ कळायला थोडा इतिहास सांगावा लागेल. मी ४८, तो ४३. लहानपणी आमच्या घरी मोनोपॉलीचा डाव पडला की बँक माझ्याकडे. पटावरच्या नोटांचासुद्धा जमाखर्च मी वहीत लिहायचे. (पुढे पोटापाण्यासाठीही तेच करते आहे, हे सदस्यनामावरून कळलं असेलच.) आणि हा मांडीखाली नोटा लपवायचा. उन्हाळ्यात हाफ पँट, खाली फरशी. पाणी प्यायला उठला की घामानं पाचशेची नोट मांडीला चिकटून त्याच्याबरोबर स्वयंपाकघरात जायची. मी ओरडायचे, तो पट उधळायचा. अशाच एका उधळणीत मालमत्तेवर ठेवायच्या ३२ छोट्या हिरव्या घरांपैकी एक हरवलं, तेव्हापासून त्याच्या जागी शर्टाचं बटण. शेवटचा डाव झाला तेव्हा मी १४ वर्षांची होते, तो ९. त्या दिवशी मी त्याचं दिवाळं काढलं आणि त्यानं पट उधळला नाही. शांतपणे उठून गेला. परत कधी खेळायला बसला नाही.

गेली दोन वर्षं आमचं बोलणं झालं ते फक्त कागदांवर. वडिलांचं घर विकायचं होतं. हिशेब मी केला, बरोबर केला, कोणालाही दाखवायला तयार आहे. तो यायचा, मी बोट ठेवीन तिथे सह्या करायचा आणि जायचा. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं. व्यवहार पुरा झाला आणि पुढच्याच आठवड्यात ही तिकिटं.

तर विचारायचंय ते असं. दोघांचीच टीम चालते का, की हसं होतं? नियम पटावरचेच असतात का? (मला ते पाठ आहेत, लिलावाच्या नियमासकट. तो बहुतेक घरांत कोणी पाळत नाही.) नारिंगी घरं घ्यावीत म्हणतात ते इथे लागू पडतं का? मला बंद खोलीचा त्रास होतो. लिफ्ट चालते, पण एमआरआय अर्धवट सोडून बाहेर आले होते. हे त्याला माहीत नाही आणि सांगायचीही इच्छा नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण, दोघं एकाच टीममध्ये असू, तर मी खेळायचं कोणाविरुद्ध?

अडीचघर

जा, डोळे मिटून जा. म्हणजे उघडे ठेवून जा, कोडी सोडवायची असतात.

आम्ही तिघं गेलो होतो, मी, बायको आणि सासूबाई. सासूबाईंना "थोडं चालायचंय" एवढंच सांगून नेलं होतं. एका खोलीत भिंतीवरची चित्रं क्रमानं लावायची होती. वेळ संपल्याचा भोंगा वाजला, दार उघडलं, तिथली पोरगी न्यायला आली, तर या म्हणतात, "थांब गं, दोनच राहिलीत." ऐकेचनात. शेवटी चित्रं लावूनच बाहेर आल्या. गुण शून्य, पण चेहरा जग जिंकल्याचा. अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात, त्यात आता आम्ही जिंकलेलो असतो.

अनुभवाचे बोल: पाय झाकणारे, नाडीचे बूट घाला. गुडघ्यांवर बसावं लागतं, तेव्हा कपडे तसे घाला. फासे फोमचे असतात, जोरात टाकलात तर उड्या मारत दुसऱ्याच्या टीममध्ये जातात. आणि त्या गोंगाटात एकमेकांचं ऐकू येत नाही, त्यामुळे घरी जे हळू आवाजात बोलतात त्यांची पंचाईत होते. आमच्याकडे ती अडचण नव्हती.

आतला_माणूस

तीन वर्षं अशाच एका ठिकाणी गाइड होतो. कुठे ते सांगत नाही, पण बहुतेक ठिकाणांची कार्यपद्धती साधारण सारखीच असते.

पहिलं म्हणजे नियम. घरच्या पटावर तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही बसून राहता. इथे पैसे देऊन आलेल्या माणसाला बसवून ठेवता येत नाही. त्यामुळे सगळ्या टीम एकाच वेळी फासे टाकतात, एकाच वेळी खोल्यांत जातात, आणि सगळ्या खोल्यांचं घड्याळ एकाच ठिकाणाहून चालतं. तुम्ही बाहेर आलात की आत एक माणूस धावत जाऊन सगळं होतं तसं लावून ठेवतो. हे काम मी पहिले सहा महिने केलं. लोक कुलपाच्या किल्ल्या कुठे कुठे टाकतात ते सांगण्यासारखं नाही. तेव्हा विनंती, वापरलेली किल्ली त्याच कुलपात राहू द्या. तुमचाही फायदा आहे, तीच किल्ली दुसऱ्यांदा चार कुलपांना लावून बघण्यात वेळ जात नाही.

दिवाळं निघणं वगैरे इथे नसतं. वेळ संपली की रोकड आणि मालमत्ता मोजायची, ज्याची बेरीज मोठी तो जिंकला.

दोघांची टीम चालते. खोल्या चारएक माणसांच्या हिशेबानं बांधलेल्या असतात, त्यामुळे हात कमी पडतात असं लोकांना वाटतं. खरं तर डोळे कमी पडतात. दोघंही एकाच पेटीवर वाकून बसतात आणि मागच्या भिंतीवर उत्तर लिहिलेलं असतं. एकानं हात लावायचा, दुसऱ्यानं दोन पावलं मागे उभं राहून बघायचं. दिसेल ते मोठ्यानं म्हणायचं, कितीही फालतू वाटलं तरी. "इथे निळा बाण आहे." बस. नको असेल तर सुरुवातीलाच दुसऱ्या छोट्या टीमला जोडून द्या म्हणून सांगा.

कॅमेऱ्यांवर तीन वर्षं माणसं बघितली. नवराबायको भांडतात, पण काम चालू ठेवून भांडतात. भावंडं हात थांबवून भांडतात. "मी आधीच म्हटलं होतं" या एका वाक्यात सरासरी किती सेकंद जातात ते मोजायला हवं होतं.

आता बंद खोलीचं. हे गंमतीवारी नेऊ नका. २०१९च्या जानेवारीत पोलंडमधल्या कोशालिन गावात एका एस्केप रूमला (कोडी सोडवून बाहेर पडायची बंद खोली) आग लागून पाच मुली गेल्या, वाढदिवसाला आल्या होत्या. त्यानंतर तिथल्या सरकारनं देशभरातल्या अशा खोल्या तपासल्या आणि बऱ्याच बंद केल्या. तेव्हा गेल्यावर सरळ विचारा की दार आतून उघडतं का, बटण कुठे आहे, वीज गेली तर काय. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा कोणाला राग येत नाही, आधी दाखवून मगच सुरू करतात. आणि तुमचा त्रास गाइडच्या कानावर घाला. भावाला नको असेल तर त्याला फासे निवडायला पाठवा आणि तेवढ्यात सांगा. दार किलकिलं ठेवून खेळवलेली माणसं मी कितीतरी पाहिलीत.

दोन_फासे

नारिंगी घरांबद्दल.

लोक सांगतात ते खरं आहे, पण का खरं आहे ते बघा. पटावर ४० घरं. सर्वांत जास्त माणसं येऊन थांबतात ते घर म्हणजे तुरुंग, कारण तिथे पाठवायला कोपऱ्यातलं घर आहे, पत्ते आहेत आणि लागोपाठ तीनदा जोडी (दोन्ही फाशांवर सारखा आकडा) पडली तरी तिथेच. तुरुंग १०व्या घरावर, नारिंगी घरं १६, १८ आणि १९. म्हणजे तुरुंगातून सुटलेल्या माणसापासून ६, ८ आणि ९ पावलांवर. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहा येण्याच्या ५, आठ येण्याच्या ५, नऊ येण्याच्या ४. एकूण १४. सुटणाऱ्या दर पाचांतले जवळपास दोघं पहिल्याच दानात तुमच्या अंगणात. म्हणून नारिंगीला भाव.

पण हे गणित लांबलेल्या डावाचं आहे, जिथे माणसं दहा-दहा फेऱ्या मारतात. सरासरी दान ७. एक फेरी पुरी व्हायला साधारण पावणेसहा दानं लागतात. सव्वा-दीड तासाच्या खेळात खोल्यांचा वेळ धरला तर तुम्हाला दानं मिळतील सहा, सात, फार तर आठ. म्हणजे फेरी जेमतेम एक. तुमच्या घरात कोणी येऊन भाडं देईल ही आशाच सोडा. रंग बघू नका, पडाल तिथलं घ्या. नारिंगीवर दोनदा पडणं वगैरे तर विसराच.

जुनापट

विषयाला थोडं सोडून, पण लिहितोच.

माणसांच्या सोंगट्या करून खेळणं नवं नाही. फतेहपूर सिक्रीच्या अंगणात दगडी फरशीत आखलेला पचिसीचा पट आजही दिसतो. अकबर तिथे दासींना सोंगट्या करून खेळे असं सांगितलं जातं. इटलीतल्या मारोस्तिका गावच्या चौकात सम वर्षांच्या सप्टेंबरमध्ये जुन्या पोशाखातली माणसं आणि खरे घोडे घेऊन बुद्धिबळ मांडतात. दोन सरदार एकाच मुलीसाठी द्वंद्वाला निघाले आणि तिच्या बापानं त्यांना पटावर बसवलं, अशी १४५४ सालची कथा त्यामागे लावतात. ती कथा प्रत्यक्षात विसाव्या शतकात रचलेली आहे. म्हणून खेळाची शोभा कमी होत नाही.

मोनोपॉलीचं मात्र मजेशीर आहे. आधीचा खेळ लिझी मॅगी या बाईंचा, पेटंट १९०४चं. जमिनीच्या भाड्यावर एकजण कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे धुपतात, हे लोकांना खेळून कळावं हा तिचा हेतू. तिचा पट दोन तऱ्हांनी खेळता यायचा: एकीत एकानं सगळ्यांना बुडवायचं, दुसरीत कोणीही कमावलं तरी सगळ्यांना वाटा. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीनं 'मोनोपॉली' म्हणून बाजारात आणला तो पहिल्या तऱ्हेचा. दुसरी तऱ्हा गेली. मोठ्या पटाची आवृत्ती लंडनमध्ये २०२१ साली निघाली तेव्हा मला आधी हीच बाई आठवली.

ताई, कोणाविरुद्ध खेळायचं हा तुमचा प्रश्न म्हणजे हरवलेल्या नियमपुस्तिकेचा प्रश्न आहे.

अडीचघर

जुनापट, तुम्ही लग्नाच्या धाग्यावरसुद्धा अकबर आणता.

लेखाजोखा, ते सगळं जाऊ दे. जाऊन आल्यावर वृत्तांत हवा. साग्रसंगीत.

लेखाजोखा

जाऊन आले. सगळ्यांचे आभार, आता साग्रसंगीत.

आमच्याखेरीज तीन टीम होत्या. चार कॉलेजातली मुलं, एक पाचजणांचं कुटुंब, आणि ऑफिसातले सहाजण एकसारखे टीशर्ट घालून. दुसऱ्या टीमला जोडून द्या म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "आम्ही दोघंच." त्याला सोंगट्यांतली मोटार हवी होती, ती मुलांनी पळवली. आम्हाला मिळाला बूट. आमची गाइड डोक्यावर बुटाच्या आकाराची टोपी घालून आली होती. तिला त्रासाचं सांगायचं ठरवून गेले होते. सांगितलं नाही. सहाजण टीशर्टवाले बघत होते, जीभ उचलली नाही.

पहिलं दान चार. पट पाठ असलेल्यांना कळलं असेल, चौथं घर आयकराचं. भावाला हसू आवरेना. मी मुकाट्यानं भरला. दुसरं सहा, म्हणजे तुरुंगाला नुसती भेट. दोन दानं झाली आणि आमच्या नावावर काही नाही.

तिसरं आठ. १८वं घर, नारिंगी. (दोन_फासे, वाचताय ना?) आत गोदाम केलेलं, वजनाचे आकडे लिहिलेली १५-२० खोकी, मध्ये तराजू, आणि बरोबर १०० भरली पाहिजेत. भाऊ एकेक खोकं उचलून ठेवून बघायला लागला. मी दोन पावलं मागे उभी राहिले आणि नुसते आकडे सांगत गेले. "ते २३चं काढ. १७ आण. आता मागचं ९." त्यानं एकदाही 'का' विचारलं नाही. चाळीस सेकंद राखून झालं. बाहेर आल्यावर गाइडनं दाराएवढा पुठ्ठ्याचा मालकीहक्काचा कागद पुढे केला, त्यावर टीमनं सही करायची असते. भावानं मार्कर हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सही कुठे करू, ताई?"

तो चेष्टा करत होता की नाही, मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, "तुला हवी तिथे कर." त्यानं अख्ख्या पुठ्ठ्यावर केली.

चौथं दान नऊ, २७वं घर, पिवळं. खोलीभर आडव्यातिडव्या दोऱ्या, प्रत्येकीला घुंगरू. पलीकडच्या भिंतीवर किल्ली. मी दुसऱ्याच दोरीत अडकले. हा काय करतो, तर कडेच्या भिंतीला पाठ लावून सरकत सरकत, दोऱ्या जिथे खिळ्याला बांधल्या होत्या तिथल्या वीतभर फटीतून पलीकडे. किल्ली घेऊन परत. घुंगरू नाही वाजलं. दार उघडून गाइड आत आली, म्हणाली, "कॅमेऱ्यात दिसतं हो. हे धरता येणार नाही."

आणि मी भांडले. म्हटलं, नियमाचं कार्ड आणा. त्यावर लिहिलं होतं, 'दोऱ्यांना स्पर्श न करता किल्ली आणा.' दोऱ्यांच्या मधूनच जा असं कुठे लिहिलंय? स्पर्श झाला का? किल्ली आली का? मग? गाइडनं कार्ड दोनदा वाचलं, कानातल्या यंत्रावर कोणाशी तरी बोलली आणि हसत म्हणाली, "घ्या." माझ्या मागे धाकट्याचा आवाजच नाही. वळून बघितलं तर तोंड उघडं ठेवून उभा. आयुष्यात पहिल्यांदा ढापलेली नोट मी त्याच्या खात्यावर जमा केली होती.

पाचवं दान तीन. ३०वं घर, तुरुंगात जा.

या खोलीची भीती मला पटावर पाऊल ठेवल्यापासून होती. कपाटापेक्षा थोडी मोठी जागा, गज, वर एक पिवळा दिवा. दाराजवळचं लाल बटण मी आधी शोधलं, त्यावर हात ठेवून उभी राहिले. घड्याळ सुरू होईना. स्पीकरवरून आवाज आला, "दार पूर्ण लावून घ्या, म्हणजे वेळ सुरू होईल." बघते तर दार चार बोटं उघडं, मध्ये भावाच्या बुटाचं टोक. तो वर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "ताईला दार उघडं लागतं. लहानपणापासून. तुम्ही तिकडून सुरू करा."

केलं त्यांनी. कसलाही प्रश्न नाही.

मी याला कधी सांगितलं नव्हतं. त्या एमआरआयचंसुद्धा नाही. पण आम्ही एका खोलीत झोपायचो आणि रात्री दार ओढून घेतलं की मी उठून उघडायचे, ते हा अंथरुणात पडून बघत असणार. मी त्यावर काही बोलले नाही. बोलायला वेळही नव्हता, भिंतीवर रेघोट्या होत्या, त्या पाच-पाचच्या गठ्ठ्यांत मोजून तीन कुलपांचे आकडे काढायचे होते. तो एक पाय दारात आणि एक आत असा लंगडी घातल्यासारखा उभा राहून मोजत होता, त्यामुळे दोनदा चुकला. आतला_माणूस, किल्ल्या कुलपातच ठेवल्या, शप्पथ.

सुटल्यावर पडलं नऊ. १९वं घर. नारिंगी, दुसऱ्यांदा! दोन_फासे, तुमचं गणित बरोबर असेल, फाशांनी वाचलं नसावं. त्या खोलीचं फार सांगत नाही. मध्येच तिथला पडदा बंद पडला, आम्ही अंधारात कोणाशी तरी फोनवर बोलावं तसं स्पीकरशी बोलत उभे होतो, शेवटी त्यांनी ते घर आम्हाला असंच देऊन टाकलं. अशा फुकटच्या मालमत्तेचं मला सुख लागत नाही. भावाला लागलं.

वेळ संपली, मोजणी झाली. पहिली मुलं, दुसरे आम्ही! भाऊ नाचायला लागला. मी म्हटलं, हिशेबाचा कागद बघू. बघितला, तर त्यात आरंभाच्या घरावरून गेल्याचे २०० जमा धरलेले. आम्ही आरंभावरून गेलोच नव्हतो. ३० वरून तुरुंगात गेलो की आरंभ ओलांडल्याचे पैसे मिळत नाहीत, कार्डावरसुद्धा छापलेलं असतं. मी गाइडला दाखवलं. २०० वजा झाले आणि आम्ही तिसरे.

"ताई, तू नक्की कोणाच्या बाजूनं आहेस?" असं तो हॉलभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडला. दुसऱ्या आलेल्या कुटुंबातल्या आजोबांनी माझ्याशी हात मिळवला.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. माझा उजवा गुडघा बोलत होता, त्याची बुटाची नाडी दारात अडकून तुटली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही तासभर बोललो आणि त्यात एकही कागद नव्हता. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

दोन_फासे

सहा दानांत नारिंगीवर दोनदा. मी आज जेवणार नाही.

आतला_माणूस

तुमच्या कानावर घालायचं ते भावानं घातलं, काम झालं. त्या दोऱ्यांच्या खोलीचं कार्ड आता बदललेलं असणार बघा, तुमच्यामुळे.

मांडीखालची_नोट

आजच सदस्य झालो. फक्त या धाग्यासाठी. ताईनं स्वतःच लिंक पाठवली आणि वर 'चुका असतील तर सांग' असंही लिहिलं. तर सांगतो.

एक. नोट पाचशेची नसायची, शंभराची असायची. पाचशेच्या नोटा ती मोजून ठेवायची, त्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती. दोन. दोनशे रुपयांवरून आपण तिसरे आलो हे मी आमच्या पुढच्या पिढ्यांना सांगणार आहे. तीन. अडीचघर, तुमच्या सासूबाईंना माझा दंडवत.

चार, आणि हे मी पायऱ्यांवर सांगणार होतो, पण तिथे विषय वेगळाच निघाला. ते हिरवं घर हरवलं नव्हतं. पट उधळला तेव्हा मी ते खिशात घातलं होतं. बँकेकडे ३२च्या ३२ घरं असली की ताई फार खूश दिसायची, ते मला सहन व्हायचं नाही.

लेखाजोखा

म्हणजे दोन वर्षं मी बटण घेऊन खेळले.

ते घर आत्ता कुठे आहे? फोन करतेय, उचल.

मांडीखालची_नोट

उचलणार नाही. बटण माझ्या शर्टाचं होतं. आधी ते परत कर, मग घराचं बघू.